मुलुंडच्या गच्चीवरची बेगमी

विजेचं बिल आपण रक्कम आणि शेवटची तारीख बघून बाजूला ठेवतो. ग्रिडवाचून, म्हणजे वीज कंपनीच्या तारांवाचून, जगायची सुरुवात मी त्याच बिलावरच्या युनिटच्या आकड्यापासून केली. 'आम्हालाही करायचंय, आधी काय घेऊ?' असं आता कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: सध्या काहीच घेऊ नका. घरात काय किती लागतं ते महिनाभर मोजा.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. तळमजला अधिक तीन मजल्यांची जुनी इमारत, लिफ्ट नाही. आमचं घर सगळ्यात वर, डोक्यावर सोसायटीची गच्ची. घरात चौघं: मी, नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचं बालपण रेवदंड्याला गेलं. मिरगाच्या आधी घरात अगोट कशी भरायची, सुकट, बोंबील, मीठ, तिखट, कडधान्यं, कोकम, सरपण काय काय कुठे रचलेलं असायचं, हे त्या अजून पाठ म्हटल्यासारखं सांगतात. पावसाळ्याचे चार महिने बाहेरून काही मिळणार नाही असं धरूनच त्यांचं घर चालायचं.

आमच्या डोक्यात हा विषय शिरला तो 12 ऑक्टोबर 2020 ला. त्या सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या मोठ्या भागातली वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचा काळ होता, मुलीचे वर्ग आणि नवऱ्याचं ऑफिस दोन्ही घरातच. काळजी मात्र पाण्याची वाटली. महापालिकेचं पाणी आमच्या खालच्या टाकीत येतं आणि तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं. पंप बंद पडला की वरची टाकी रिकामी होईपर्यंतच पाणी. सात तलावांचं पाणी आणि शेजारी भांडुपला एवढं मोठं शुद्धीकरण केंद्र असूनही तिसऱ्या मजल्यावरच्या नळाचं सगळं त्या पंपाच्या स्विचवर अवलंबून.

तर मोजणी. सॉकेटमध्ये लावायचा छोटा वॉटमीटर मिळतो, तो आणला. उपकरण त्यात खुपसायचं आणि दिवसभराने आकडा वहीत उतरवायचा. पंखा, दिवे यांच्यासाठी वॉट गुणिले तास एवढाच हिशेब. एक हजार वॉट तासभर चाललं की एक युनिट. आमच्या महिन्याच्या 190 च्या आसपास युनिटांची फोड पहिल्यांदा डोळ्यांसमोर आली. जुने पंखे प्रत्येकी 75 वॉट खात होते. तीन पंखे रोज बारा-बारा तास धरले तर रोजची 2.7 युनिटं नुसत्या वाऱ्यावर. त्यांच्या जागी 30 वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे लावले आणि तोच वारा रोजच्या 1.1 युनिटात मिळायला लागला. ही बचत सौरऊर्जेतून भरून काढायची म्हटली असती तर पॅनेल आणि बॅटरी मिळून कितीतरी जास्त पैसे गेले असते. वीज तयार करण्यापेक्षा ती न लागणं नेहमीच स्वस्त पडतं, आणि दुकानदार हे आपल्याला सांगत नाही.

मग घरातली उपकरणं दोन गटांत विभागली. एका बाजूला पंखे, दिवे, वाय-फाय, मोबाईल, लॅपटॉप, मिक्सर. दुसऱ्या बाजूला गीझर, इस्त्री, वॉशिंग मशीन. फ्रिज अधेमधे. पहिल्या गटाची रोजची गरज साधारण दोन युनिटं निघाली, फ्रिज धरला तर तीन. गीझर एकटाच 2000 वॉट ओढतो; तो बॅटरीवर टाकायचा विचारही कुणी करू नये.

मुंबईच्या उन्हात एक किलोवॉटचं पॅनेल चांगल्या दिवशी चार युनिटांच्या आसपास वीज देतं. बॅटरीत घालून परत काढताना त्यातली थोडी जाते. म्हणजे आमच्या तीन युनिटांना एक किलोवॉट पुरेसं होतं. आता जागा हवी होती, आणि जागा सोसायटीची.

गच्ची सामाईक असते. सभासदांच्या सभेत ठराव झाल्याशिवाय तिथे एक खिळाही ठोकता येत नाही, आणि हे योग्यच आहे. आमच्या सभेत आक्षेप आले ते सगळे रास्त होते. गळती झाली तर? एका घराने गच्ची अडवली तर उद्या दुसरं घर मागेल. पापड-कुरडया कुठे वाळवायच्या, कोजागिरी कुठे करायची? पहिल्या मजल्यावरच्या काकांनी विचारलेला प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला: 'वादळात ते उडून खाली रस्त्यावर पडलं तर?' 17 मे 2021 ला तौक्ते आलं होतं तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता. ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

आम्ही एका स्ट्रक्चरल इंजिनीअरला गच्ची दाखवली. त्यांच्या सल्ल्याने स्लॅबला कुठेही भोक पाडायचं नाही असं ठरलं. आमच्या गच्चीला चायना मोझॅक, म्हणजे चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी, आहे. त्यात एक ड्रिल मारलं की खालच्या घरात पावसाळ्यात डाग उठलाच म्हणून समजा. त्याऐवजी गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची चौकट काँक्रीटच्या जड ठोकळ्यांवर उभी केली, वाऱ्याच्या उचलीचा हिशेब करून ठोकळ्यांचं वजन ठरवलं आणि ठोकळे खालच्या बीमच्या रेषेत ठेवले. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण 19 अंशांवर, मुंबईच्या अक्षांशाएवढ्या कलाने. सोसायटीने शंभर चौरस फूट जागा दिली आणि कोजागिरीचा कोपरा सोडायला सांगितला.

ते शंभर फूट नेमके कुठले हे ठरवायला मी खडू वापरला. डिसेंबरातला दिवस निवडला, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो आणि सावल्या सगळ्यात लांब पडतात. सकाळी नऊला पाण्याच्या टाकीची, जिन्याच्या खोलीची आणि डिश अँटेनाची सावली जिथे होती तिथे मोझॅकवर रेघ मारली. मग दर तासाला एक रेघ. चार वाजता गच्चीवर सावल्यांचा एक पंखा उमटला होता आणि टाकीच्या दक्षिणेला एक चौकोन असा उरला होता ज्याला दिवसभरात एकही रेघ शिवलेली नव्हती. पॅनेल त्याच चौकोनात बसली. पॅनेलच्या एका पट्टीवर सावली आली तरी आख्ख्या ओळीची वीज घसरते, म्हणून हा दिवस कुणी वाचवू नये. घर भाड्याचं असो की स्वतःचं, खडू दहा रुपयांत येतो.

पॅनेल निवडताना जिन्याने निकाल दिला. आता 540 वॉटची मोठी पॅनेल सर्रास मिळतात. ती साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद. आमच्या जिन्याच्या वळणावर तेवढी काच फिरली नसती. म्हणून 335 वॉटची तीन घेतली, प्रत्येकी वीस-बावीस किलोची, दोघांनी धरून वर नेण्यासारखी.

वायर, एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारा) हे सगळं लोहार चाळीतून, मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, आणलं. लोहार चाळीत जाताना यादी नेमकी हवी: किती मीटर, किती चौरस मिलिमीटर, डीसी (पॅनेल-बॅटरीची एकाच दिशेने वाहणारी वीज) की एसी (घरातल्या सॉकेटमधली). डीसीसाठी डीसीचीच एमसीबी लागते, कारण डीसीत स्विच उघडताना पडलेली ठिणगी सहज विझत नाही. यात पैसे वाचवायचे नाहीत. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली, 24 व्होल्टची, 100 अँपिअर-अवरची. तिच्यात साधारण अडीच युनिटं मावतात. तेवढेच पैसे घालून शिशाच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या जास्त क्षमतेच्या मिळाल्या असत्या, पण त्या निम्म्याच्या खाली उतरवल्या की त्यांचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, डिस्टिल्ड पाणी बघावं लागतं आणि चार्ज होताना निघणाऱ्या वायूला मोकळी हवा लागते. आमच्या पॅसेजमध्ये ते जमणार नव्हतं. आणि 12 ऐवजी 24 व्होल्ट का, तर तेवढ्याच वॉटला करंट निम्मा लागतो, वायर कमी तापते.

घरातलं वायरिंग बदलणं हे काम सगळ्यात किचकट निघालं. जुन्या घरांत सगळ्या खोल्यांचा न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, एकत्र केलेला असतो. बॅटरीतली डीसी घरच्या एसीत बदलणाऱ्या इन्व्हर्टरच्या लाइनला स्वतःचा वेगळा न्यूट्रल हवा, नाहीतर दोन्ही पुरवठे एकमेकांत मिसळतात. परवानाधारक वायरमन बोलावले. साठीचे गृहस्थ, त्यांनी आधी अर्धा दिवस नुसते जुने बोर्ड उघडून बघितले आणि मग म्हणाले, 'ताई, सोलर नंतर. आधी तुमचं अर्थिंग करू.' त्यांचं ऐकलं. चेंजओव्हर स्विच बसवला; एका वेळी एकतर कंपनीची वीज, नाहीतर आमची. आमची वीज चुकूनही बाहेरच्या तारेत जाता कामा नये, कारण बाहेर खांबावर कुणीतरी लाइनमन 'वीज बंद आहे' या भरवशावर हात घालून काम करत असतो.

इथे एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण निम्म्या लोकांची समजूत इथेच घोटाळते. गच्चीवर दिसणारं बहुतेक सोलर ऑन-ग्रिड असतं. त्यात बॅटरी नसते. दिवसा तयार झालेली वीज ग्रिडमध्ये जाते आणि नेट मीटरिंगने बिलातून वजा होते. ग्रिड बंद पडली की हे सोलरही आपोआप बंद होतं, भर उन्हात सुद्धा, वर सांगितलेल्या लाइनमनसाठीच. म्हणजे 12 ऑक्टोबरसारख्या दिवशी त्याचा उपयोग शून्य. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान, घरासाठी पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000 आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला एकूण 78,000 रुपये, हे ग्रिडला जोडलेल्या यंत्रणेलाच मिळतं. आमच्यासारख्या स्वतंत्र यंत्रणेला ते नाही. बिल कमी करणं हाच हेतू असेल तर डोळे मिटून ऑन-ग्रिड करा, पैसे काही वर्षांत वसूल होतात. आमचा सगळा खर्च पंख्यांसकट लाखाच्या थोडा वर गेला आणि बिलातून महिन्याला सातशे-आठशे रुपये सुटतात. फायद्याच्या हिशेबाने हे कुणी करू नये. मी ते केलं कारण घराला लागणारी वीज कुठून येते, किती येते आणि संपली तर काय करायचं हे मला माझ्या हाताने कळायला हवं होतं.

ऑक्टोबर ते मे हा काळ सोपा आहे. दुपारी बाराच्या आत बॅटरी भरते आणि उरलेलं ऊन वाया जातं, म्हणून फ्रिजवर एक कागद लावला: मिक्सर, वाटणघाटण, लॅपटॉप चार्जिंग, सगळं अकरा ते तीनमध्ये. फ्रिज दिवसा सोलरवर, रात्री कंपनीच्या विजेवर. वॉशिंग मशीन थंड पाण्याच्या प्रोग्रामवर दुपारी चालतं. इस्त्री आम्ही घरात बंदच केली. खाली कोळशाच्या इस्त्रीवाले भाऊ बसतात, त्यांच्याकडे कपडे जातात.

मुंबईतल्या पॅनेलचं खरं दुखणं धूळ. आजूबाजूला पुनर्विकासाची कामं चालू आहेत, सिमेंटचा थर आठवड्यात दिसायला लागतो, वर कबुतरं. पॅनेल सकाळी उन्हं चढायच्या आत धुवायची. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते. मऊ फडकं, लांब दांड्याचा वायपर, साधं पाणी.

आणि मग जुलै. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. जे पॅनेल एप्रिलमध्ये चार युनिटं देत होतं त्याच्यावर एखाद्या दिवशी एक युनिटही धड पडत नाही. रात्री नऊला बॅटरीचा आकडा खाली आला की कोणता पंखा बंद करायचा हे घरात बसून ठरवावं लागतं. सासूबाईंचा पंखा आणि वाय-फाय शेवटपर्यंत, हा आमचा नियम. बाकीच्यांसाठी चेंजओव्हर. आषाढातल्या पावसाला पुरेल एवढी बॅटरी घ्यायची म्हटली तर वर्षातले बाकीचे आठ महिने ती निम्म्याहून जास्त रिकामी काम करेल. म्हणून मीटर काढून टाका असं मी कुणालाही सांगणार नाही. गावाकडच्या एकट्या घराला ते साधेल. मुंबईत कंपनीची वीज पाठीशी ठेवून वर्षातला मोठा काळ तिच्यावाचून राहता येणं, एवढं ध्येय मला पुरेसं आणि प्रामाणिक वाटतं.

पाण्याचं गणित विजेच्या उलट आहे. मुंबईच्या उपनगरांत पावसाळ्यात 2,300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गच्चीवर जिन्याच्या बाजूला पत्र्याची शेड आहे, साधारण 150 चौरस फूट. तेवढ्या पत्र्यावरून हंगामात तीस हजार लिटरच्या आसपास पाणी वाहून जातं. ऐकायला हे खूप वाटतं. पण 100 मिलिमीटर पावसाच्या एका दिवसात त्यातून हजार लिटरची टाकी भरून वाहायला लागते, आणि तसे दिवस मुंबईत लागोपाठ येतात. आकाशातून येणाऱ्या पाण्याला इथे तोटा नाही, ते मेपर्यंत धरून ठेवायला जागा नाही. हजार लिटर म्हणजे एक टन वजन. असं वजन गच्चीवर कुठेही ठेवता येत नाही. इंजिनीअरांनी खुणा केलेल्या कॉलमच्या डोक्यावर एकच टाकी बसवली.

पन्हळीचं पाणी आधी एका उभ्या पाइपात जातं. सुरुवातीच्या सरींबरोबर पत्र्यावरची धूळ, विष्ठा, पानं येतात. ते पाणी त्या पाइपात अडकतं आणि तो भरला की पुढचं स्वच्छ पाणी टाकीत वळतं. पाऊस थांबला की पाइपाच्या तळाची तोटी सोडून तो रिकामा करायचा. हे पाणी आम्ही पिण्याला वापरत नाही. फ्लश, लादी, कपडे आणि झाडं यांत ते संपतं, आणि जून ते सप्टेंबर सोसायटीच्या पाण्यातला आमचा वाटा बराच कमी होतो. टाकी भरल्यावर वाहणारं पाणी खाली आवारात जुन्या बुजत आलेल्या बोअरवेलभोवतीच्या शोषखड्ड्यात सोडलं आहे.

पाणी साठवणाऱ्या प्रत्येकाने डासांचं गांभीर्याने घ्यावं. शहरात मलेरिया पसरवणारा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो: टाक्या, पिंपं, कुंड्यांखालच्या बशा. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कर्मचारी आमच्याकडे तपासणीला आले तेव्हा त्यांनी टाकीचं झाकण, ओव्हरफ्लोच्या तोंडाची जाळी आणि वर चढायला शिडी आहे की नाही हे बघितलं, टॉर्चच्या झोतात पाण्याचा पृष्ठभाग न्याहाळला. त्यातले एकजण म्हणाले, 'जाळी बारीक लावलीत ते बरं केलंत, पण पाइपाच्या तळाशी राहिलेलं पाणी रोज सोडा, लोक तेच विसरतात.' तेव्हापासून ते काम मुलीच्या नावावर आहे.

गच्चीवरची भाजी हा भाग वाचणाऱ्यांना सगळ्यात आवडतो. त्यात मुंबईची स्वतःची परंपरा आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी 'प्रयोग परिवार'मधून घराघरांत शेतीचे प्रयोग करायला लोकांना लावलं, मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चोथ्यावर गच्चीतली शेती करून दाखवली. उसाच्या चोथ्याचा मोठा गुण म्हणजे वजन. कुंडीत नुसती माती भरली तर गच्चीवर भार येतो. चोथा हलका, पाणी धरून ठेवणारा आणि रसवंतीवाल्याकडे फुकट. आम्ही तो वाळवून, तुकडे करून ड्रममध्ये थर देतो: चोथा, वाळलेला पाला, स्वयंपाकघरातला ओला कचरा, वर मूठभर माती. त्यावर अमृतजल: दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ, तीन दिवस ढवळत ठेवायचं आणि दहापट पाण्यात मिसळून घालायचं. शेण-गोमूत्र तबेल्यातून आणतो.

सासूबाईंनी या कामाचा ताबा घेतला. पावसाळ्यात अळू, पडवळ, काकडी, अंबाडी. हिवाळ्यात मेथी, मुळा, वांगी. वर्षभर मिरची, कढीपत्ता, मायाळू, गवती चहा. उथळ ट्रेमध्ये वाळू पसरून त्या समुद्रमेथी पेरतात, किनाऱ्यावरच्या रेताड जमिनीत होते तशीच. दहा-बारा दिवसांत बोटभर झाली की मुळासकट उपटायची, वाळू झटकायची आणि धुऊन पिठलं किंवा भाजी. आठवड्यातले तीन-चार दिवस पालेभाजी घरची असते. भात, डाळ, तेल, कांदे, बटाटे मात्र बाजारातूनच येतात आणि येत राहतील; चौघांना वर्षभर लागणारा तांदूळ गच्चीत पिकत नाही. म्हणून आम्ही सासूबाईंची अगोट परत सुरू केली. मे महिन्यात कडधान्यं उन्हात वाळवून डब्यात, कैरीचं लोणचं, आमसुलं, सांडगे, वर्षाचा मसाला. त्या डब्यांवर कुठलीही बॅटरी लागत नाही.

गॅसचा प्रयोग एकट्या घराचा नव्हता. महाराष्ट्रात या विषयातलं मोठं काम पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी केलं: शेणाऐवजी पिठूळ, साखर असलेलं खरकटं वापरून प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्यांचाच छोटा बायोगॅस. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी मोठ्या प्रमाणावर 'निसर्गऋण' उभं केलं. आणि त्याच्याही कितीतरी आधी, 1897 मध्ये, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस तयार केला जात होता. मुंबईला हे नवीन नाही.

आरती पद्धतीला दिवसाला दोन किलोच्या आसपास खरकटं लागतं. आमच्या चौघांच्या घरातून तेवढं निघत नाही, आणि हजार लिटरच्या आणखी एका टाकीचं वजन गच्चीला नको होतं. म्हणून सेक्रेटरी काकूंशी बोलून हा बायोगॅस आवारात, मागच्या भिंतीलगत बसवला आणि इमारतीतल्या पाच घरांनी खरकटं द्यायचं कबूल केलं. उरलेला भात, पोळ्यांचे तुकडे, पीठ, खराब झालेलं फळ मिक्सरमधून किंवा हाताने बारीक करून, पाण्यात कालवून. लिंबाची सालं, कांद्याची टरफलं, हाडं, अंड्याची कवचं नाहीत. सुरुवातीला टाकीत शेणाचा काला भरून थांबावं लागतं. वायू साठून, खालच्या टाकीत उपडी बसवलेली वरची टाकी पहिल्यांदा उचलली जाते तेव्हा सगळे पेटवायला धावतात, पण तो पहिला वायू जळत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. तो सोडून द्यायचा. दोन-तीन आठवड्यांनी काडी लावली आणि निळी ज्योत धरली तेव्हा पाचही घरांतली माणसं मागच्या भिंतीपाशी उभी होती.

या गॅसला दाब फार कमी. टाकीवर विटा ठेवून तो थोडा वाढवता येतो, पण तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवणं व्यवहार्य नाही. म्हणून नळी वॉचमनच्या खोलीत नेली. त्यांच्या दोघांचा चहा आणि संध्याकाळचा डाळ-भात त्यावर होतो. निघणारी मळी आमच्या आणि आवारातल्या झाडांना. गॅस माझ्या घरी येत नाही याचं मला वाईट वाटत नाही. इमारतीतलं खरकटं इमारतीतच जळतं आणि इमारतीतच उगवतं.

सोसायटीत आता पंपाचा विषय चालू आहे. दोन अश्वशक्तीचा पंप दिवसातून तासभर चालतो, त्याला दीड-दोन युनिटं पुरतात. मोटर सुरू होताना करंट पाच-सहा पट उसळतो, म्हणून साध्या इन्व्हर्टरवर ती उठत नाही; पण शेतातल्या सौरपंपाला असतो तसा वेग हळूहळू वाढवणारा कंट्रोलर लावला तर ती थेट पॅनेलवर चालू शकते. बॅटरी लागतच नाही, कारण महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत साठलेलं असतं आणि दुपारच्या उन्हात ते वर चढवून ठेवलं की काम झालं. सामाईक मीटरसाठी ऑन-ग्रिड करायचं असेल तर गृहनिर्माण संस्थांना किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. दोन्ही प्रकारची कोटेशनं आली आहेत.

ज्यांच्याकडे गच्ची नाही त्यांनी बाल्कनीपासून सुरुवात करावी. शंभर वॉटचं एक पॅनेल, छोटा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा) आणि 12 व्होल्टची छोटी लिथियम बॅटरी एवढं पुरे. पॅनेल ग्रिलच्या आत, पक्क्या नटबोल्टने; बाहेर टांगू नका, खाली माणसं चालत असतात. तीन-चार तास थेट ऊन मिळालं तर दिवसाला तीनशे वॉट-अवरच्या आसपास येतं. वाय-फाय, संध्याकाळचे दोन दिवे आणि घरातले मोबाईल त्यावर निघतात. घेण्याआधी बाल्कनीत ऊन किती तास येतं हे डिसेंबरात आणि मे महिन्यात, दोन्हीदा बघा. दक्षिणेच्या बाल्कनीत डिसेंबरात ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येतं, पण मे महिन्याच्या मध्याला मुंबईत भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली आख्खी बाल्कनी झाकते. पूर्वेची किंवा पश्चिमेची बाल्कनी असेल तर उन्हाळ्यात सकाळचे किंवा संध्याकाळचे दोन-तीन तास तरी हाताशी लागतात.